स्कॅनर ईसीएमशी (इंजिनच्या कॉम्प्युटरशी) जोडला जात नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही: ईसीएम खरंच गेला का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१६ चं बीएस-फोर मॉडेल, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी चावी फिरवली तर सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन धरत नाही. एरवी चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा क्षणभर आवाज यायचा, तो बंद झालाय. मीटरवर ऑइल, बॅटरी, हँडब्रेक हे दिवे लागतात. चेक इंजिनचा दिवा मात्र लागतच नाही.

मेकॅनिकने स्कॅनर लावला तर इंजिन मॉड्यूलशी संपर्क नाही असा संदेश आला. त्याचं म्हणणं, ईसीएम गेला, नवा घ्या नाहीतर कुर्ल्याहून जुना मागवू. माझ्याकडचा ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ (मोबाइलशी जोडायचा छोटा स्कॅनर अडॅप्टर) पण जोडला जात नाही. एवढा मोठा खर्च करण्याआधी ईसीएम खरंच मेलाय का हे घरच्या घरी कसं ठरवायचं? मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो.

शिरोलीचा_पाना

दादा, ईसीएम मागवू नका अजून. जुना आणला तरी इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) त्याला ओळखणार नाही, चावी जुळवून घेण्याचं काम वेगळंच उभं राहील.

आधी हे सांगा: मेकॅनिकच्या स्कॅनरला एबीएस, एअरबॅग, बॉडी कंट्रोल यातलं काही सापडलं का? सगळंच गप्प असेल तर दोष स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या बाजूला किंवा कॅनच्या, म्हणजे मॉड्यूल ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींत शोधायचा. बाकी सगळे बोलतात आणि एकटा ईसीएम गप्प, असं असेल तर वाट एकदम वेगळी. हे न विचारता कामाला लागलं की दिवस वाया जातो.

तुमच्या ईएलएमवर विसंबू नका. साधं ॲप फक्त धुराशी संबंधित मॉड्यूलला, म्हणजे बहुतेक वेळा ईसीएमलाच हाक मारतं. ईसीएमच झोपलेला असेल तर उत्तर देणार कोण?

दर्यावर्दी

सॉकेटचा फ्यूज बघितलात का? ओबीडी (स्कॅनर लावायच्या) सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा कायमचा करंट असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो सिगारेट लायटरच्या किंवा आतल्या दिव्याच्या फ्यूजमधून येतो. लायटरमध्ये स्वस्तातला चार्जर घातला, फ्यूज उडाला, आणि स्कॅनर लागत नाही म्हणून लोक गाडी टो करून नेतात. आमच्याकडे रत्नागिरीत हे नेहमी बघायला मिळतं. खाऱ्या हवेने सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, तेही टॉर्च लावून बघा.

रानजाई

मी आयटीआयला ऑटो इलेक्ट्रिकल शिकवते. दर्यावर्दींनी म्हटलंय तिथूनच सुरुवात करा, पण क्रमाने.

सॉकेट स्टीअरिंगखाली आहे, १६ पिनांचा. त्यातल्या आपल्याला लागणाऱ्या पिना थोड्याच. १६ वर बॅटरीचा व्होल्टेज यायला हवा, चावी बंद असतानाही. ४ आणि ५ या अर्थच्या. ६ म्हणजे कॅन हाय, १४ म्हणजे कॅन लो. जुन्या गाडीत ७ वर के-लाइन, म्हणजे स्कॅनरशी बोलायची जुन्या पद्धतीची वायर असते. तुमची गाडी २०१६ ची, म्हणजे कॅन असण्याचीच शक्यता जास्त, पण ६ आणि १४ मध्ये पितळी पिना आहेत का हे टॉर्च मारून बघा. पिनाच नसतील तर कॅन त्या सॉकेटपर्यंत आलेलीच नाही.

आधी चावी ऑन करून ६ वर आणि १४ वर बॉडीच्या अर्थशी व्होल्टेज मोजा. बोलणं चालू असेल तर हाय २.५ च्या जरा वर आणि लो जरा खाली दिसतो, साधारण २.६ आणि २.४ च्या आसपास. कॅनवर शांतता असताना दोन्ही वायरी २.५ व्होल्टवर असतात. बिट पाठवताना हाय ३.५ कडे जाते आणि लो १.५ कडे. मल्टीमीटर या सगळ्याची सरासरी दाखवतो, म्हणून आकडे २.५ ला चिकटून दिसतात.

मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा, पाचेक मिनिटं थांबा आणि ६ ते १४ रेझिस्टन्स मोजा. बॅटरी जोडलेली असताना ओहम मोजलेत तर आकड्याला काही अर्थ उरत नाही. बसच्या, म्हणजे या कॅन वायरींच्या जोडीच्या, दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, ते पॅरलल म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर हाय आणि लो एकमेकांना चिकटलेत.

एक कळकळीचं सांगणं. मल्टीमीटरचा जाड प्रोब पिनेत खुपसू नका. मादी पिन फाकते आणि नसलेला दोष कायमचा तयार होतो. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला ओहम मीटर अजिबात लावायचा नाही.

कृष्णाकाठ

ताई, सगळं केलं. मेकॅनिककडे जाऊन पुन्हा स्कॅनर लावायला लावला, शिरोलीकरांचा प्रश्न विचारला. एबीएस सापडतो, बॉडी मॉड्यूल सापडतं. एबीएसमध्ये यू०१०० कोड आहे.

१६ वर १२.५ व्होल्ट. ४ आणि ५ दोन्ही अर्थ ठीक. ६ वर २.६३, १४ वर २.३६. बॅटरी काढून ६ ते १४ मध्ये ६० ओहम.

शिरोलीचा_पाना

यू०१०० म्हणजे इंजिन मॉड्यूलशी संपर्क तुटला. हा कोड एबीएसने लिहिलाय, म्हणजे तक्रार एबीएसची आणि आजारी ईसीएम. लोक कोड ज्याच्यात सापडला तेच मॉड्यूल बदलतात, एबीएसचा युनिट काढून ठेवलेली गाडी मी पाहिली आहे. यू कोड कोणी लिहिलाय यापेक्षा तो कोणाबद्दल आहे ते बघा.

चाकणवाला

हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे, बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, म्हणून एक युक्ती सुचवतो.

६० ओहम आले म्हणजे दोन्ही टोकं जोडलेली आहेत. आता बॅटरी काढलेली असतानाच ईसीएमचा कपलर काढा आणि सॉकेटवर ६ ते १४ पुन्हा मोजा. बऱ्याच गाड्यांत एक रेझिस्टर ईसीएमच्या आत असतो आणि दुसरा मीटर कन्सोलमध्ये किंवा बॉडी मॉड्यूलमध्ये. आकडा १२० वर गेला, तर सॉकेटपासून ईसीएमच्या पिनेपर्यंतच्या दोन्ही कॅन वायरी धडधाकट आहेत हे एका मोजणीत सिद्ध होतं. ६० च राहिला तर तुमच्या गाडीत ईसीएम टोकाला नाही, मग कपलरपासून सॉकेटपर्यंत कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का) वेगळी बघावी लागेल.

कपलर काढलाच आहे तर पिनांवर हिरवट गंज, पाणी, वाकलेली पिन हेही बघून घ्या.

गोदाकाठ

थोडं विषयांतर, पण ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांच्या कामाचं आहे.

माझ्या शेजाऱ्यांकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, के-लाइनवाली. इंजिन मस्त चालतं, पण एकही मॉड्यूल स्कॅनरला सापडत नव्हतं. के-लाइन एकच वायर असते आणि शांत असताना ती १२ व्होल्टच्या जवळ उभी असते. इथे ती जवळपास शून्यावर होती. कारण निघालं बाहेरून बसवलेल्या स्टीरिओत. त्या काळच्या फोक्सवॅगन गटाच्या (स्कोडाही त्यातलीच) गाड्यांत रेडिओच्या सॉकेटमध्ये के-लाइनची वायर येते, आणि बाहेरचा स्टीरिओ तिथे वेगळंच काही जोडतो. स्टीरिओचा कपलर मागून काढला आणि लगेच सगळी मॉड्यूल बोलायला लागली. ती एक वायर वेगळी करून इन्सुलेट केली, स्टीरिओ परत बसवला.

दुसरं, २०१३ च्या आधीच्या गाडीत १६ पिनांचा सॉकेट दिसला म्हणून साधा ओबीडी स्कॅनर चालेलच असं समजू नका. आपल्याकडे ओबीडी-टू बीएस-फोर गाड्यांना एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांत सॉकेटचा आकार तोच, पण बोली कंपनीची स्वतःची. तिथे गाडी आणि स्कॅनर दोन्ही ठणठणीत असतात आणि तरी संपर्क होत नाही.

दर्यावर्दी

गोदाकाठ +१. ईएलएमच्या नकली चिप्सबद्दलही लिहा कोणीतरी.

चाकणवाला

थोडक्यात सांगतो. ईएलएम ३२७ ही कॅनडातल्या एका कंपनीची चिप. त्या कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही, पण बाजारात १.५ चा छाप मारलेले अडॅप्टर ढिगाने मिळतात. त्यातले बरेच कॅनवर काम भागवतात. २.१ लिहिलेल्या कित्येक नकली अडॅप्टरमध्ये काही प्रोटोकॉल आणि आज्ञा नसतातच. म्हणून निदानाआधी तोच अडॅप्टर एखाद्या चालू, त्याच प्रकारच्या गाडीला लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धी शंका तिथेच मिटते.

कृष्णाकाठ

चाकणवाला, ईसीएमचा कपलर काढल्यावर १२० आले. परत बसवला, ६०. पिना स्वच्छ, कोरड्या.

म्हणजे वायरी ठीक, सॉकेट ठीक, बाकी मॉड्यूल ठीक. मग मेकॅनिक बरोबरच होता की काय?

रानजाई

नाही, अजून नाही. वायरी त्याच्यापर्यंत पोचतात एवढंच सिद्ध झालं. तो जागा का होत नाही हे राहिलंय. ईसीएमला जागं राहायला करंट लागतो, अर्थ लागतो, आणि त्याचा आतला ५ व्होल्टचा सप्लाय उभा राहावा लागतो. हे तिन्ही तपासल्याशिवाय ईसीएमला दोष देणं चूक आहे. मी विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलमध्ये यावरच मार्क कापते.

तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये फार मोठा पुरावा आहे. चेक इंजिनचा दिवा चावी ऑन केल्यावर लागत नाही आणि पंपही फिरत नाही. ईसीएम जिवंत असता आणि फक्त कॅनची वायर तुटली असती, तर पंप क्षणभर फिरला असता. दोन्ही बंद म्हणजे ईसीएमच उठत नाहीये. मात्र दिव्याचा पुरावा प्रत्येक गाडीत चालत नाही. काही गाड्यांत मीटर कन्सोलच ईसीएमचा निरोप आला नाही म्हणून स्वतःहून दिवा लावून ठेवतो.

आता कपलर बसवलेला ठेवून, वायरच्या बाजूने पातळ पिन सरकवून मोजा. वायरिंगचा नकाशा मिळवा, अंदाजाने पिना शोधू नका. ईसीएमला साधारण तीन करंट येतात: एक कायमचा, एक चावीचा आणि एक मेन रिलेमधून. पुष्कळ गाड्यांत मेन रिले ओढायचं काम ईसीएम स्वतःच करतो, म्हणून रिलेचा टिक आवाज येतो का ते हात ठेवून बघा.

आणि नुसता व्होल्टेज मोजून थांबू नका. दहा बारा तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळपास लागतच नाही. ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्या. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. कपलर काढून, फ्यूजमधून येणाऱ्या ईसीएमच्या जाड पॉवर पिनेवर आणि अर्थच्या पिनेवर हा बल्ब लावा. लख्ख पेटला तर दोन्ही वायरी खऱ्या. सेन्सरच्या पिनांवर मात्र बल्ब लावायचा नाही, ईसीएम जळू शकतो.

अर्थसाठी आणखी एक: कपलर बसवून, चावी ऑन करून, ईसीएमच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवा.

सीएनजी किटवाल्याने चावीचा करंट कुठून घेतलाय तेही बघा. पुष्कळदा ईसीएमच्या इग्निशन वायरलाच टाका मारलेला असतो.

शिरोलीचा_पाना

सीएनजीवर माझाही संशय आहे. वायर सोलून नुसती पिळून वर काळी टेप. इंजिनच्या उष्णतेने टेपचा गोंद सुटतो आणि पहिल्या पावसात पाणी आत.

डेट्रॉइटकर

मी मिशिगनमध्ये असतो, मूळचा साताऱ्याचा. रानजाई यांनी ५ व्होल्टचा उल्लेख केलाय त्यावर थोडं लिहितो, कारण माझा संशय तिथेच आहे.

ईसीएम बऱ्याच सेन्सरांना ५ व्होल्ट पुरवतो: थ्रॉटल, ॲक्सिलरेटर पेडल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), एसी प्रेशर, काही गाड्यांत कॅम आणि क्रँकसुद्धा. या सगळ्यांची ५ व्होल्टची वायर आत एकत्र होते. त्यातली एक कुठेही बॉडीला टेकली की सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली येतात. काही ईसीएममध्ये प्रोसेसर त्याच सप्लायवर असतो किंवा सप्लाय पडला की रीसेट होत राहतो. मग तो ना इंजिन चालवतो, ना स्कॅनरला उत्तर देतो.

इथे क्रायस्लरच्या १९९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या गाड्यांत ओडोमीटरच्या जागी 'नो बस' अशी अक्षरं यायची. जुने मेकॅनिक ती अक्षरं दिसली की आधी क्रँक आणि कॅम सेन्सरचे कपलर काढून बघायचे, कारण आतून शॉर्ट झालेला सेन्सर पूर्ण इंजिन कॉम्प्युटरला गप्प करायचा.

नव्या ईसीएममध्ये ५ व्होल्टच्या दोन किंवा तीन वेगळ्या शाखा असतात आणि प्रत्येकीला संरक्षण असतं. तिथे ईसीएम जिवंत राहतो आणि पी०६४१ किंवा पी०६५१ लिहून सांगतो की अमुक शाखा पडली. तुमच्या गाडीत काय आहे ते मोजल्यावर कळेल. कुठल्याही सोप्या ठिकाणच्या सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन करा, ५ व्होल्टच्या पिनेवर किती येतात ते सांगा.

कृष्णाकाठ

मोजलं. कायमचा करंट १२.५, चावीचा १२.४, मेन रिले टिक करतो आणि त्यातून १२.३. बल्ब दोन्ही जाड वायरींवर लख्ख पेटला. अर्थवर ०.०३ व्होल्ट. सीएनजीवाल्याने चावीचा करंट फ्यूज बॉक्समधून वेगळा घेतलाय, ईसीएमच्या वायरीला हात लावलेला नाही. चांगलं काम केलंय त्याने.

पण मॅप सेन्सरचा कपलर काढून बघितलं तर ५ व्होल्टच्या पिनेवर ०.२ व्होल्ट!

डेट्रॉइटकर

सापडलं. आता मल्टीमीटर त्या पिनेवर तसाच ठेवा आणि ५ व्होल्ट वापरणारे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याच्यावर ५ परत येईल, तो दोषी.

कृष्णाकाठ

एसी प्रेशर काढला, ०.२. थ्रॉटल बॉडी, ०.२. कॅम, क्रँक, पेडल सगळे काढले. तरी ०.२ च. आता एकही सेन्सर जोडलेला नाही.

मग आतून ईसीएमच गेला ना?

रानजाई

थांबा! सेन्सर काढला म्हणजे सेन्सर निर्दोष ठरला. त्याच्यापर्यंत जाणारी वायर अजून जोडलेलीच आहे. इथेच बहुतेक जण हार मानतात आणि ईसीएमची ऑर्डर देतात.

बॅटरी काढा, ईसीएमचा कपलर काढा, सेन्सर काढलेलेच राहू द्या. आता ५ व्होल्टची वायर दोन्ही टोकांनी मोकळी आहे. कपलरमधल्या तिच्या पिनेपासून बॉडीपर्यंत ओहम मोजा. वायर चांगली असेल तर मीटर ओपन दाखवेल. मग ५ व्होल्ट ईसीएमच्या आतच पडतोय आणि मीही मेकॅनिकशी सहमत होईन. पण काही ओहम दाखवले तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे.

कृष्णाकाठ

१.८ ओहम.

चाकणवाला

वायर! आता मीटर लावलेला ठेवा, दुसऱ्या कोणाला तरी आकड्याकडे बघायला बसवा आणि हार्नेस हलवत जा. ब्रॅकेटवरून वळतो तिथे, पाइपला बांधलाय तिथे, फॅनजवळ, बॅटरीच्या ट्रेखाली. इंजिन थरथरतं आणि बॉडी स्थिर असते, त्यामुळे हार्नेस एकावरून दुसऱ्यावर जातो त्या जागा आधी. घुशी किंवा उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, ऊस उभा असलेल्या भागात हे फार.

कृष्णाकाठ

मिळालं!

भावाला मीटरकडे बसवलं. रेडिएटरच्या फॅनजवळ एसीच्या पाइपला हार्नेस बांधलाय, तिथे हात लावला आणि तो ओरडला की आकडा पळाला. टेप सोडली तर एसी प्रेशर सेन्सरकडे जाणारी वायर फॅनच्या लोखंडी पट्टीवर घासून उघडी पडलेली. तांब्यावर हिरवट थर. पट्टीवरही घासल्याची चकाकी दिसते.

वायर पट्टीपासून दूर ओढली, मीटर ओपन. सगळं परत जोडून चावी ऑन केली तर ४.९८ व्होल्ट, चेक इंजिनचा दिवा लागला, पंपाचा आवाज आला. सेल्फला इंजिन लगेच धरलं. माझा ईएलएमही जोडला गेला. ईसीएममध्ये एकही कोड नाही, याचं मात्र नवल वाटलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई ताई, तुम्ही "थांबा" लिहिलं नसतं तर उद्या मी ऑर्डर दिली असती.

रानजाई

खूप बरं वाटलं वाचून. कोड नसण्याचं कारण सोपं आहे: जो जागाच होत नव्हता तो कोड लिहिणार कसा? एबीएसमधला यू०१०० तेवढा मेकॅनिककडून पुसून घ्या.

दुरुस्ती नुसत्या टेपवर सोडू नका. हिरवी पडलेली तार चमकेपर्यंत मागे कापा, नवा तुकडा सोल्डर करा, गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा, वरून खाचांचा प्लास्टिक पाइप घाला आणि हार्नेस पट्टीपासून दूर बांधा. पट्टीच्या धारेवरही रबर लावा. ही कॅनची वायर नाही म्हणून सोपं आहे. कॅनची असती तर दोन्ही वायरींचा पीळ जोडाजवळ जितका राखता येईल तितका राखावा लागला असता.

शिरोलीचा_पाना

दादा, त्या मेकॅनिकलाही हे दाखवा, रागाने नको. त्याच्याकडे स्कॅनर आहे, त्याला ही मोजमापं कळली तर पुढच्या दहा गिऱ्हाइकांचं भलं होईल.

कृष्णाकाठ

दाखवलं. त्याने फोटो काढून घेतले आणि १२० ओहमवाली युक्ती दोनदा विचारून घेतली.

पेणची_सर

धागा फार उपयोगी आहे. माझी गाडी २०२१ ची, बीएस-सिक्स. सॉकेटवर ६ ते १४ मोजलं तर ६० येतात, पण मध्येच स्कॅनरचा इंजिनशी संपर्क तुटतो. बाकी सगळं ठीक चालतं. ६० आले म्हणजे इंजिनची कॅन ठीक धरायची ना?

चाकणवाला

तुमच्या गाडीत तसं धरता येणार नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत सॉकेट आणि आतल्या बसांच्या मध्ये गेटवे मॉड्यूल असतं. सॉकेटच्या ६ आणि १४ गेटवेपर्यंतच जातात, इंजिनची बस पलीकडे वेगळी. तुम्ही मोजलेले ६० अलीकडच्या तुकड्याचे. इंजिनची बस गेटवेच्या कपलरवर किंवा ईसीएमजवळ मोजावी लागेल, आणि त्यासाठी तुमच्या मॉडेलचा वायरिंग नकाशा हवाच.

त्याआधी एक विचारतो. सॉकेटला जीपीएस ट्रॅकर किंवा दुहेरी केबल लावली आहे का? ट्रॅकरही ईसीएमला सतत प्रश्न विचारत असतो आणि दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात. असेल तर तो काढा, इंजिन चालू ठेवून स्कॅनर लावा, आणि संपर्क तुटतो त्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज किती होता तेही लिहा.

पेणची_सर

ट्रॅकर आहे, मागच्याच महिन्यात बसवलाय. आज संध्याकाळी काढून बघते आणि कळवते.